पंचावन्न डेसिबलचा मूकपट

मी दिवसाचे आठ तास लोकांचा ओरडा ऐकतो आणि त्याचाच मला पगार मिळतो. पाणीपुरवठा कार्यालयातल्या तक्रार खिडकीच्या आतल्या बाजूला जो इसम बसलेला असतो, तो मी. पाणी आलं नाही तर माणसं माझ्यावर ओरडतात, गढूळ आलं तर ओरडतात. परवा एक गृहस्थ तर पाणी आलं म्हणून ओरडून गेले, कारण पाणी नाही या भरवशावर त्यांनी आंघोळीला दांडी मारायचं ठरवलं होतं. अशा माणसाला मूकपटांचं वेड लागलं तर त्यात नवल ते काय? संध्याकाळी घरी यावं, दिवा मालवावा, पडद्यावरच्या माणसांनी भराभरा तोंडं हलवावीत आणि आवाज म्हणून येऊ नये! हे सुख मला जगात दुसरीकडे कुठेही मिळालेलं नाही.

आता कुणी म्हणेल, एवढंच असेल तर टीव्हीचा आवाज बंद करून बघा. (कुणी म्हणजे आमची ही. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण हा सल्ला ती अजूनही आत्ताच सुचल्यासारखा देते.) तसं नसतं हो! मूकपटातला नट नुसती भुवई उचलतो तेव्हा शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं, की याला भूक लागलीय, प्रेम जडलंय, की मागून घरमालक आलाय. आमच्या खिडकीवर लोक वीस मिनिटं बोलतात तरी यातलं काही कळत नाही.

माझा सगळ्यात लाडका मूकपट बावन्न मिनिटांचा आहे. त्याचं खरं नाव मला माहीत नाही, कारण माझ्याकडच्या डिस्कवर सुरुवातीची नावाची पाटीच कापली गेली आहे. मी त्याला 'पूलवाला' म्हणतो. एक नदी आहे, तिच्यावर एक उघडमीट होणारा पूल. बोट आली की पूलवाला हातानं चाक फिरवून पूल वर उचलतो, बोट गेली की खाली घेतो. पलीकडच्या काठावर कपडे शिवणारी एक बाई राहते. नदीच्या खळखळाटात दोघांना एकमेकांचं काही ऐकू जात नाही, म्हणून सगळा कारभार हातवाऱ्यांनी चालतो. शिवाय उंच टोपीचा एक पूलमालक आहे, तो दुष्ट आहे हे त्याच्या टोपीवरूनच समजतं. या सिनेमाची शेवटची दोन मिनिटं मी साठ वेळा तरी पाहिली असतील आणि साठही वेळा नाक पुसलं आहे. त्या दोन मिनिटांत काय होतं ते मात्र मी कुणालाही सांगत नाही. शेवट सांगणारा माणूस आणि दुसऱ्याच्या ताटातला शेवटचा घास उचलणारा माणूस, दोघेही माझ्या लेखी एकाच माळेचे मणी.

आमची कन्या सतरा वर्षांची. तिला ॲनिमेचं वेड. ॲनिमे म्हणजे मोठ्या डोळ्यांच्या जपानी चित्रांची मालिका, एवढं ज्ञान मला होतं. कन्या ती मालिका बघते, बघताना समोर फोन ठेवून स्वतःचा चेहरा टिपते आणि तो चेहरा जगाला दाखवते. याला रिॲक्शन म्हणतात. म्हणजे ती बघणार, आणि तिला बघताना लोक बघणार. तिला बघणारे त्या वेळी दोनशे चौदा जण होते. ती बघते ती मात्र जीव ओतून: किंचाळते, उशी फेकते, पात्रांना दटावते, पलंगावर उभी राहून टाळ्या पिटते. पहिल्यांदा हा प्रकार झाला तेव्हा पाल पडली असं समजून मी झाडू घेऊन धावलो होतो.

हीच मुलगी माझा मूकपट लावला की दहाव्या मिनिटाला झोपायची. तीनदा प्रयत्न केला. एकदा तर पूलवाला पहिल्यांदा चाकाला हात घालतो त्याआधीच तिनं माझ्या खांद्यावर मान टाकलेली. खरं सांगतो, मला फार लागायचं. पुढच्या वर्षी ती शिकायला दुसऱ्या गावी जाणार होती. सतरा वर्षांत मी तिला सायकल शिकवली, भागाकार शिकवले, पण मला जे सगळ्यात जास्त आवडतं ते तिला कधी दाखवता आलं नाही. ती जायच्या आत तिनं ती शेवटची दोन मिनिटं डोळे उघडे ठेवून बघावीत, बस्स, एवढी एकच माझी इच्छा होती.

म्हणून मी सौदा केला. मी तिच्या आवडीची बारा भागांची एक मालिका तिच्या शेजारी बसून, कॅमेऱ्यासमोर बघायची. बदल्यात तिनं माझी बावन्न मिनिटं बघायची.

"झोपायचं नाही," मी म्हणालो.

"आणि तू 'यांचे डोळे एवढे मोठे का' असं विचारायचं नाही," ती म्हणाली.

मालिका होती पतंगाला बांधून पत्रं पोचवणाऱ्या एका निळ्या केसांच्या मुलीची. पहिल्या भागात मी हाताची घडी घालून, चेहऱ्यावर सरकारी भाव ठेवून बसलो. तिसऱ्या भागात घडी सुटली. पाचव्यात वादळ आलं, तेव्हा मी "दोर सोड! अगं, दोर सोड की!" असं म्हणून टीपॉयवर मूठ आपटली आणि चहा सांडला. आणि नववा भाग! नवव्या भागात ते म्हातारे पोस्टमास्तर निवृत्त होताना कपाट आवरतात, आणि तळाशी त्यांना स्वतःच्याच नावाचं पत्र सापडतं, चाळीस वर्षं न पोचवलेलं. काय सांगू तुम्हाला! मी साधासुधा रडलो नाही, मी हंबरडा फोडला. रुमाल सापडेना म्हणून टीव्हीवरचं कापड ओढून त्यात नाक शिंकरलं. ही स्वयंपाकघरातून धावत आली आणि म्हणाली, "कोण गेलं?"

"पोस्टमास्तर," मी हुंदका देत म्हणालो. "म्हणजे, गेले नाहीत. निवृत्त झाले."

कन्येनं ते सगळं इंटरनेटवर टाकलं. दोनशे चौदा जणांपुरतं आहे, असं ती म्हणाली होती. आठवडाभरात ते अकरा हजार लोकांनी पाहिलं, आणि त्यातले निम्मे आमच्या कार्यालयाच्या हद्दीत राहत असावेत. खिडकीवर पहिल्याच दिवशी एका बाईंनी ओरडायला तोंड उघडलं, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि एकदम आवाज उतरवून म्हणाल्या, "तुम्ही ते पोस्टमास्तरसाठी रडणारे का? राहू द्या, राहू द्या. पाण्याचं काय, येईल सावकाश." दुसऱ्या एकानं तक्रार अर्जासोबत कागदी रुमालाचं पाकीट जोडलं. साहेबांनी बोलावून घेतलं आणि घरी सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मिळवलेला दरारा एका निळ्या केसांच्या पोरीपायी धुळीला मिळाला. (दहावा, अकरावा आणि बारावा भाग मी तरीही बघितले. बारावा तर दोनदा.)

आता कन्येची पाळी. तिनं शब्द फिरवला नाही, पण अट घातली. "एकटीला झोप येईल बाबा. माझ्या मैत्रिणींना पण बोलवते. सहा जणी आहेत, सगळ्या ॲनिमेवाल्या."

सहा मैत्रिणी, आम्ही तिघं, आणि आमची बैठकीची खोली म्हणजे सोफा धरून चार माणसांची. मी म्हणालो, इमारतीचा तळमजल्यावरचा हॉल मागतो. हे वाक्य मी जिन्यात बोललो, तिथेच चूक झाली. आमच्या जिन्यात बोललेलं वाक्य चौथ्या मजल्यापर्यंत माझ्याआधी पोचतं.

संध्याकाळपर्यंत सल्ले सुरू झाले. तळमजल्यावर एक निवृत्त सर राहतात. ते म्हणाले, "मूकपटात मधूनमधून अक्षरांच्या पाट्या येतात ना? लहान मुलांना वाचता येत नाहीत. मी मोठ्यानं वाचून अर्थ सांगेन." मी म्हणालो, "सर, लहान मुलं नाहीयेत." तर म्हणाले, "येतील." आणि दोन दिवसांत खरंच चौदा मुलांची नावं त्यांनी लिहून आणली, वयासकट. इमारतीच्या सेक्रेटरींनी आधी हॉल द्यायला कां कूं केलं. मग खिशातून हळूच माउथऑर्गन काढला आणि म्हणाले, "जुन्या काळी मूकपटाला संगीत असायचं म्हणे." मी म्हणालो, असायचं. हॉल त्याच क्षणी मिळाला. आमची ही म्हणाली, "पन्नास माणसं येणार आणि तुम्ही त्यांना बावन्न मिनिटं मुकी माणसं दाखवणार. मी मागच्या दाराजवळ बसेन."

पण सेक्रेटरी नियमाचे पक्के. चाळीसहून जास्त माणसं आणि पडदा एकत्र आले की परवानगी लागते, असं त्यांनी फाईल काढून दाखवलं. मी स्वतः सरकारी नोकर, मला वाटलं एका अर्जाचं काम आहे. दुसऱ्याची खिडकी कशी असते ते बाहेरच्या बाजूनं मी कधी बघितलंच नव्हतं.

परवानगी कक्षातल्या बाईंनी अर्ज वाचला. "चित्रपटाची भाषा लिहिली नाही."

"भाषा नाही. मूकपट आहे."

"रकाना रिकामा चालत नाही."

"मग 'नाही' लिहितो."

"'नाही' या भाषेच्या चित्रपटाला आम्ही परवानगी देत नाही." मग त्यांना माझी कीव आली असावी. "हे बघा, 'इतर' लिहा. आणि ध्वनी कक्षाचं ना-हरकत पत्र जोडा."

"पण आवाजच नाही!"

"मग तसं त्यांच्याकडून लिहून आणा."

ध्वनी कक्ष दोन मजले वर होता. तिथले निरीक्षक अत्यंत सज्जन गृहस्थ. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाले, आवाज करायची परवानगी द्यायला त्यांच्याकडे छापील नमुना आहे, आवाज नसल्याचा नमुना नाही. पूर्वी कुणी मागितलाच नाही. वरिष्ठांना विचारावं लागेल. वरिष्ठ सुटीवर. मी चार खेपा घातल्या. चौथ्या खेपेला मी खिडकीवर दोन्ही हात आपटून अक्षरशः ओरडलो, आणि ओरडता ओरडता मला माझाच आवाज ओळखीचा वाटला. रोज अकराच्या सुमाराला हाच आवाज मी आतल्या बाजूनं ऐकतो. मी निमूट खाली बसलो आणि निरीक्षकांची माफी मागितली.

"होतं असं," ते म्हणाले. "तुम्ही पोस्टमास्तरवाले ना?"

त्या पोस्टमास्तरांनी मात्र माझं काम केलं. निरीक्षकांनी मार्ग काढला: खेळाच्या वेळी ते स्वतः आवाज मोजायचं यंत्र घेऊन हजर राहतील, आवाज पंचावन्न डेसिबलच्या आत राहिला तर जागच्या जागी ना-हरकत लिहून देतील, आणि ओलांडला तर खेळ थांबवतील. मी मनमोकळं हसलो. मूकपट पंचावन्न ओलांडणार? मी आनंदानं सही केली. माणसाची सही कशी त्याच्याच गळ्यात येते, हे सव्वीस वर्षं लोकांना समजावून सांगणारा मी!

रविवारी संध्याकाळी पाच वाजता हॉल भरला. एकसष्ट माणसं. कार्यालयातला प्रोजेक्टर मी रीतसर पत्र देऊन आणला होता, पडदा म्हणून आमच्याच पलंगावरची पांढरी चादर. (तिच्या कोपऱ्यात इस्त्रीचा डाग होता, त्यामुळे नदीच्या वरच्या बाजूला दिवसाढवळ्या चंद्र दिसत राहिला.) निरीक्षक पहिल्या रांगेत कडेला बसले, मांडीवर यंत्र. रिकाम्या हॉलचा आवाज त्यांनी आधीच मोजून लिहून ठेवला होता, चौतीस. कन्या तिसऱ्या रांगेत मधोमध, तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मैत्रिणी. मी सगळ्यांना हात जोडून विनंती केली: "कृपा करून शांतता राखा. हा शांततेचा खेळ आहे." आणि दिवे मालवले.

पहिली पाच मिनिटं इतकी सुंदर गेली की मला भरून आलं. सेक्रेटरींचा माउथऑर्गन हळू वाजत होता. सरांनी पहिली पाटी वाचली, "नदीकाठी एक गाव", आणि अर्थ सांगितला, "म्हणजे गाव नदीच्या काठी आहे." इथवर सत्तेचाळीस. मग पूलवाला बाईला पहिल्यांदा बघतो आणि चाक फिरवायचंच विसरतो, पूल अर्धवट, बोटीवरचा खलाशी टोपी आपटतोय. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक मैत्रीण किंचाळली, "अरे बघतोय काय, चाक फिरव!"

मी "श्शू" केलं. (निरीक्षक म्हणाले, "शू कमी करा, तुमचेच एकोणपन्नास झाले.") पण आता त्या सहा जणींना धरबंध राहिला नाही. त्यांना बघायची तीच रीत माहीत! पूलमालक आला की "हूऽऽ". बाईनं खिडकी उघडली की "आईगं". पूलवाल्यानं नवा सदरा घालून आरशात बघितलं तेव्हा एकीनं रुमाल हवेत उडवला. त्यांचं बघून चौदा मुलं सुरू झाली, मुलांचं बघून त्यांच्या आया. मी आधी रागानं लाल झालो. वीस वर्षं जपलेली माझी शांतता! आणि मग हळूहळू काय झालं कुणास ठाऊक, माझ्या अंगावर काटा आला. अहो, शंभर वर्षांपूर्वी मेलेला नट पडद्यावर घसरून पडला आणि एकसष्ट माणसं एकदम "अय्यो" म्हणाली! याचसाठी तर तो पडला होता बिचारा. मी इतकी वर्षं एकटा, दार लावून, श्वास रोखून बघत होतो. मला नाचावंसं वाटत होतं.

फक्त एक गोष्ट डाचत होती. कन्या गप्प होती. सगळा हॉल डोक्यावर घेतलेला, आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ती हनुवटीखाली हात घेऊन बसलेली. उशी नाही, किंकाळी नाही. झोपली नव्हती, पण मला वाटलं, मैत्रिणींसमोर बापाची लाज राखायला कशीबशी जागी राहिलीय.

त्रेपन्न. चोपन्न. निरीक्षक मधूनमधून बोटं दाखवत होते. पन्नासावं मिनिट आलं. पूल अर्धा उघडा अडकलाय, पूलवाला जीव खाऊन चाक फिरवतोय, पलीकडच्या टोकावर बाई उभी, आणि पूलमालक काठी उगारून मागून येतोय. अख्खा हॉल श्वास रोखून गप्प झाला, माउथऑर्गनसुद्धा. हा प्रसंग मी साठ वेळा पाहिलेला. काठी पडत नाही हे मला पाठ. आणि तरीही, त्या शांततेत, एक माणूस बेंबीच्या देठापासून ओरडला, "मागे बघ! अरे गाढवा, मागे बघ!"

तो मीच होतो.

निरीक्षक उठले. "अठ्ठ्याहत्तर," ते खेदानं म्हणाले आणि प्रोजेक्टरचं बटण बंद केलं. दिवे लागले. मूकपट आवाजाच्या कारणावरून बंद पडला, आणि आवाज खुद्द आयोजकाचा. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग जो गिल्ला झाला तो मोजण्यापलीकडचा होता. "पुढे काय झालं?" "मेला का तो?" चौदा मुलांपैकी एक रडायलाच लागलं. सर निरीक्षकांना नागरिकशास्त्र समजावू लागले. निरीक्षक बिचारे म्हणत होते, "माझा नाइलाज आहे हो. मलाही बघायचं होतं."

तेव्हा मागच्या दाराजवळून आमची ही उठली. "साहेब," ती म्हणाली, "सिनेमा बंद केलात, ठीक. पण माझ्या नवऱ्यानं तोंड मिटून उरलेलं करून दाखवलं तर? नियमात नवऱ्यांना बंदी आहे का?"

निरीक्षकांनी खरोखर पुस्तिका चाळली. "नवऱ्यांचा उल्लेख नाही," ते म्हणाले. "फक्त शांतता हवी."

कुणीतरी मला दोन्ही हातांनी पुढे ढकललं. पोट सुटलेला, बावन्न वर्षांचा, तक्रार खिडकीवरचा माणूस, मागे इस्त्रीचा डाग पडलेली चादर, समोर एकसष्ट डोकी. अब्रू नावाची गोष्ट उरलीच नव्हती, त्यामुळे जड गेलं नाही. मी चाक धरलं. म्हणजे हवा धरली. मालकाची काठी चुकवली, मालक नदीत पडला, तेही मीच पडून दाखवलं. कुणी आवाज केला नाही. हसू आलं त्यांनी तोंडावर हात दाबले. मी चाक फिरवत राहिलो, चाक तुटलं, ते हातात घेऊन मी वर बघितलं. आणि इथे मी अडकलो. कारण यापुढे सगळं ती बाई करते. पूलवाला नुसता उभा असतो. अर्ध्या पुलावर मी नुसता उभा, आणि पलीकडे कुणी नाही.

तिसऱ्या रांगेतून कन्या उठली. ती हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. आमच्यामध्ये पंचवीस फूट मोकळी जागा होती. तिनं कॉलरमधून एक नसलेली सुई काढली. नसलेल्या दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं. दोरा सुईत ओवायला गेली, तो चुकला. पुन्हा ओवायला गेली, पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा गेला.

तो दोरा दोनदा चुकतो, हे मी कुणालाही, कधीही सांगितलेलं नव्हतं.

मग तिनं ती दरी शिवायला घेतली. एक टाका तिच्याकडे, एक टाका माझ्याकडे, हात लांब करून, सावकाश, आणि प्रत्येक टाक्याला एक पाऊल पुढे. मी आपला चाक धरून उभा. तिनंच भुवईनं खुणावलं, की बाबा, आता तू दोरा ओढायचा. मी ओढला. ती आली. तिनं माझ्या सदऱ्याच्या बाहीवर शेवटचा टाका घातला आणि दातानं दोरा तोडला. तिथे सिनेमा संपतो.

कुणी टाळी वाजवली नाही. कुणाला वाजवायची हिंमतच नव्हती. निरीक्षकांनी यंत्र डोळ्याजवळ नेऊन पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "तेहेतीस. रिकाम्या हॉलपेक्षा एक कमी." आणि त्यांनी ना-हरकत पत्र लिहायला घेतलं, एका हातानं, कारण दुसऱ्या हातात रुमाल होता.

वर जाताना जिन्यात मी तिला गाठलं. "तू आधी पाहिला होतास?"

"तीनदा."

"कधी?"

"तू ऑफिसला गेल्यावर. सगळ्यांसमोर माझा डोळा लागला असता तर तुझं तोंड बघवलं नसतं मला. म्हणून म्हटलं, एकदा सवय करून घेऊ. मग..." तिनं खांदे उडवले. "मग परत लावला. आणि परत."

"आणि मघाशी ओरडली नाहीस ती?"

"मी ओरडले असते तर रडले असते. सगळ्यांसमोर."

"रेकॉर्ड नाही केलंस?"

"केलंय ना. पहिल्यांदा बघितला तेव्हाचं. टाकलं नाही." तिनं फोन काढला. "ते सगळ्यांना कशाला दाखवायचं? तुला दाखवू?"

आम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये पायरीवर बसलो. तिनं फोन माझ्या हातात दिला. त्यात फक्त तिचा चेहरा होता. बराच वेळ हललाच नाही, तेव्हा मी आवाज वाढवायला गेलो.

"नाहीये आवाज," ती म्हणाली. "मी काही बोललेच नाही."

ही दोनदा जेवायला हाक मारून गेली. आम्ही पूर्ण बावन्न मिनिटं तिथेच बसलो होतो.